ट्रॉफीच्या शेजारी उभा असलेला माणूस

(दृश्य : रिकामा स्टुडिओ. दिव्यांची चाचणी सुरू आहे. मंचाच्या कडेला एक जोडी गाण्याशिवाय, नुसत्या आकड्यांवर सराव करते आहे.)

निवेदन :

पाच, सहा, सात, आठ.

सेलिब्रिटी नृत्यस्पर्धेत आपण जो दोन-तीन मिनिटांचा नाच बघतो, त्याच्या आधीचे दिवसच्या दिवस या आकड्यांवर गेलेले असतात. आकडे म्हणणारा माणूस नर्तक असतो. ते ऐकून पाऊल टाकणारा असतो अभिनेता, क्रिकेटपटू, गायक, एखादा पत्रकार. स्पर्धा चालते ती या दुसऱ्याच्या नावावर. मतं त्याला मिळतात, ट्रॉफीवर नाव त्याचं.

या स्पर्धांमध्ये खरा नाच असतो का? कथकच्या क्लासमध्ये हा विषय काढून बघा, लावणी कलावंतांपुढे काढून बघा. उत्तर बहुतेक वेळा चिडून येतं. त्या चिडीत तथ्य आहे, आणि ते आपण बघणार आहोत. पण आमचं म्हणणं असं, की या मंचावर खरा नाच असतो, कधी कधी फार उत्तम असतो. त्यासाठी कॅमेरा ज्याच्या चेहऱ्यावर खिळलेला आहे, त्याच्या शेजारी बघायची सवय लावून घ्यावी लागते.

(दृश्य : ब्लॅकपूलचा समुद्रकिनारा. विंटर गार्डन्सची इमारत.)

या स्पर्धांचं मूळ इंग्लंडमध्ये. गेल्या शतकाच्या मध्यापासून १९९८ पर्यंत बीबीसीवर ‘कम डान्सिंग’ हा कार्यक्रम अधूनमधून चालत असे. त्यात हौशी जोड्या बॉलरूम नृत्य, म्हणजे वॉल्ट्झ-टँगोसारखे जोडीने करायचे नाच, करत. मे २००४ मध्ये बीबीसीने तो नव्या रूपात आणला. जोडीतली एक व्यक्ती प्रसिद्ध, दुसरी व्यावसायिक नर्तक. नाव ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’. २००५ मध्ये अमेरिकेत ‘डान्सिंग विथ द स्टार्स’ आला आणि २००६ मध्ये आपल्याकडे सोनीवर ‘झलक दिखला जा’. त्याच्या थोडं आधी, २००५ मध्ये, ‘नच बलिये’ सुरू झाला होता. तिथे जोडीदार खऱ्या आयुष्यातलाच असे, आणि पहिलं विजेतेपद सचिन आणि सुप्रिया पिळगावकर यांनी जिंकलं, हे मराठी घरांत अजून कौतुकाने सांगितलं जातं.

आता ब्लॅकपूलला का आलो ते सांगतो. या गावातल्या विंटर गार्डन्समध्ये, एम्प्रेस बॉलरूममध्ये, १९२० पासून बॉलरूम नृत्याचा महोत्सव भरतो. जगभरच्या बॉलरूम नर्तकांच्या दृष्टीने ही पंढरी. तिथली स्पर्धा कशी होते, ते नीट समजून घेऊ. कारण टीव्हीवर काय गळून जातं, ते इथेच कळतं.

एका वेळी फरशीवर अनेक जोड्या उतरतात. वाद्यवृंद समोर बसून वाजवतो. नाचायचंय ते वॉल्ट्झ की टँगो, एवढं जोडीला माहीत असतं. धून कुठली, हे वाजायला लागल्यावर कळतं. पहिल्या पावलापासून बाकीच्या जोड्या वाटेत येत राहतात. पुढे जागा बुजली की जोडीला नेणाऱ्याने दिशा बदलायची, आणि त्याने बदललेली दिशा जोडीदाराला कळते ती तळहातातून, बरगड्यांपाशी टेकलेल्या अंगातून. बोलायला वेळ नसतो. सगळ्या जोड्या फरशीवर असताना परीक्षक कडेने उभे राहून बघतात, आणि सुरुवातीच्या फेऱ्यांत पुढे कोण जावं एवढीच खूण करतात.

टीव्हीवर फरशीवर एकच जोडी. गाणं ठरलेलं, रोज ऐकलेलं. ‘स्ट्रिक्टली’मध्ये प्रत्यक्ष वाद्यवृंद वाजवतो, हे खरं आणि मोलाचं आहे. पण कुठल्या ठोक्याला कुठे वळायचं, कुठे थांबून बघायचं, ते सगळं आधी बसवलेलं असतं. पाठ केलेलं भाषण आणि रंगलेल्या गप्पा यांच्यात जो फरक, तो इथे आहे. भाषण वाईट नसतं. पण त्यावरून माणसाला बोलता येतं की नाही, ते कळत नाही.

(दृश्य : पुण्यातला एक कथक वर्ग. फक्त पाय. घुंगरांचा आवाज.)

आपल्या मातीत यापेक्षा वेगळं काही घडत नाही.

कथकचा एकल कार्यक्रम तासभर, कधी दोन तास चालतो. तबला आणि लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी तीच ती धून, समोर. नर्तक पढंत करतो, म्हणजे बोल तोंडाने म्हणून दाखवतो, आणि मग तेच पायातून काढतो. तीनतालाच्या सोळा मात्रांमध्ये तो कुठून निघाला आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, कसा आला, यावर जाणकार प्रेक्षक दाद देतो. तबलजीने काहीतरी वेगळं टाकलं, तर पायांनी त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली, आणि महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांतल्या मुली कथककडे वळल्या. अशा वर्गांमध्ये तत्कार, म्हणजे पायांचे मूळ बोल, पक्का व्हायलाच महिनोन् महिने जातात. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. हे पायात मुरल्यावर मग पुढचं.

एखाद्या मालिकेतल्या नायिकेला आठवडाभरात ‘कथक अ‍ॅक्ट’ करायला सांगितलं, तर बिचारी काय करणार? चक्कर शिकेल. हातांची ठेवण शिकेल. अनारकली घालेल. नृत्यदिग्दर्शक शहाणा असेल तर तिला झेपेल तेवढंच देईल, आणि कठीण पदन्यासाच्या वेळी मागे दहा नर्तिका उभ्या करील. त्या दहा जणींचे पाय बघा कधी. त्यांतल्या कित्येक जणी वर्षानुवर्षं शिकलेल्या असतात.

लावणीचं तर फारच वाटोळं होतं, आणि इथे आम्हाला खरोखर वाईट वाटतं. नऊवारी, ढोलकीचा ट्रॅक, कंबर, डोळा मारणं, शिट्ट्या. झाली लावणी. वाईच्या यमुनाबाई वाईकर बैठकीची लावणी म्हणायच्या. जागेवरून न उठता, गाण्याच्या एकाच ओळीवर एकामागून एक अदा, आणि प्रत्येक अदेत अर्थ बदललेला. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या लावणीत कलावंताचं लक्ष सतत समोरच्या माणसाकडे असतं. कुणी दाद दिली, कुणी मान फिरवली, त्यावर पुढची अदा ठरते. दीड मिनिटाच्या रिमिक्स ट्रॅकला समोरचा माणूस नसतोच. असतो तो कॅमेरा.

(दृश्य : संकलकाचा पडदा. एकच नाच सहा कॅमेऱ्यांतून.)

कॅमेऱ्याकडे येऊ. फ्रेड अस्टेअर या अमेरिकन नर्तकाचा आग्रह असे, की चित्रपटात नाच चालू असताना डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण शरीर दिसलं पाहिजे आणि कट कमीत कमी हवेत. त्यामुळे त्याचं काम आज बघितलं, तरी काही लपलेलं नाही हे दिसतं. आपल्याकडच्या स्पर्धांचे भाग आधी चित्रित होतात, मग संकलित होतात. पाऊल पडायच्या क्षणाला चेहऱ्याचा क्लोज-अप, मग परीक्षकाचं उघडं तोंड, मग घरच्यांचे डोळे, मग जिबवरून, म्हणजे कॅमेऱ्याच्या क्रेनवरून, उंचावरचा शॉट. नाचणारा चुकला की जमला, ते प्रेक्षकाने ठरवायचं कशावरून? पुढच्या वेळी कार्यक्रम लागला की सलग दहा सेकंद पाय दिसले का, एवढं मोजून बघा.

अ‍ॅक्टच्या आधी स्पर्धकाची छोटी चित्रफीत दाखवतात, ती एव्ही हा वेगळाच प्रकार. दुखावलेला गुडघा, आईची आठवण, सरावात फुटलेलं रडू. हे खोटं असतं असं आम्ही म्हणत नाही. आठ-दहा तास सराव करणाऱ्या माणसाचा गुडघा दुखतोच. पण एव्ही बघून झाल्यावर आपण नाच बघत नाही, माणसाच्या जिद्दीला मार्क देतो.

आणि मतं? ब्रिटनमध्ये २००८ साली जॉन सार्जंट नावाचे ज्येष्ठ राजकीय पत्रकार स्पर्धेत होते. परीक्षक त्यांना तळाला ठेवत आणि लोक त्यांना दर आठवड्याला वाचवत. शेवटी आपण खरंच जिंकून बसू, अशी भीती वाटल्याने ते स्वतः बाहेर पडले. आमच्या मते त्या पर्वातला नाचाविषयीचा सर्वांत मोठा आदर त्यांनीच दाखवला. अमेरिकेत २०१८ मध्ये बॉबी बोन्स हा रेडिओवरचा निवेदक कमी गुणांवर जिंकला, आणि पुढच्या वर्षी नियम बदलावे लागले. आपल्याकडे २००९ मध्ये ‘झलक’ जिंकला बायचुंग भुतिया. तेव्हाचा भारतीय फुटबॉल संघाचा कर्णधार. सिक्कीमचा हा लाजरा माणूस देशाला आवडला, आणि आवडावा असाच तो आहे. पण त्या विजयात नृत्य किती होतं आणि प्रेम किती, हे तेव्हाच्या प्रेक्षकांनाही ठाऊक होतं.

मग उलटंही झालं. २०१५ मध्ये फैजल खान, पुढच्या पर्वात तेरिया मगर, २०२२ मध्ये चिमुकली गुंजन सिन्हा. हे तिघंही लहान वयातच नृत्यस्पर्धांमधून नाव मिळवून आलेले. त्यांचं नाचणं अस्सल होतं, पण सेलिब्रिटीला नाच शिकवायची मूळ कल्पना तिथे मोडीत निघाली होती.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. जोडीतल्या नृत्यदिग्दर्शकावर कॅमेरा सरकत जातो.)

आता शेजारच्या माणसाकडे बघू.

‘झलक’च्या पहिल्या पर्वात मोना सिंग जिंकली, श्वेता साळवे उपविजेती ठरली. श्वेताचा जोडीदार होता लॉन्जायनस फर्नांडिस. पुढे त्याने ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या शेवटी रेल्वे स्थानकावर होणारा नाच बसवला. तो नाच जगाने बघितला. पण चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव राहून गेलं. फेब्रुवारी २००९ मध्ये ऑस्कर स्वीकारताना दिग्दर्शक डॅनी बॉयल यांनी मंचावरून ही चूक मान्य केली आणि त्याचं नाव घेतलं. नृत्यदिग्दर्शकाचं नाव विसरणं किती सोपं आहे, याचं याहून मोठं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

सलमान युसुफ खान ‘डान्स इंडिया डान्स’चा पहिला विजेता. २०१३ मध्ये दृष्टी धामीने ‘झलक’ जिंकला, तेव्हा तिला नाचवणारा तोच. नाचवणारा हा शब्द जपून वापरतोय. न नाचणाऱ्या माणसाचं वजन स्वतःच्या अंगावर घेऊन, त्याचा तोल सांभाळून, त्याची चुकलेली मात्रा लोकांच्या नजरेत येण्याआधी भरून काढायची आणि चेहऱ्यावर यातलं काही दिसू द्यायचं नाही, हे फार वरच्या दर्जाचं कौशल्य आहे. लिफ्टमध्ये, म्हणजे जोडीदाराने उचलल्यावर, हवेत गेलेल्या तारकेसाठी टाळ्या पडतात, तेव्हा खाली गुडघे, पाठ आणि मनगटं कुणाची लागलेली असतात? सेलिब्रिटी अर्धी मात्रा उशिरा आली की जोडीदार आपलं वळण लांबवतो. ते त्याने सरावात ठरवलेलं नसतं. ब्लॅकपूलच्या गर्दीत जे लागतं, तबलजीच्या अनपेक्षित बोलावर कथक नर्तकाला जे लागतं, ते त्या अर्ध्या मात्रेत टीव्हीवरही घडतं.

(दृश्य : अंधारी फरशी. एकच जोडी.)

कधी कधी ते दोघांमध्ये घडतं. २०२१ मध्ये ‘स्ट्रिक्टली’त रोझ एलिंग-एलिस ही बहिरी अभिनेत्री आली. जोडीदार जोवानी पर्निची. नोव्हेंबरमधल्या एका नाचात मध्येच संगीत पूर्ण बंद झालं आणि दोघं काही क्षण शांततेत नाचत राहिले. जोवानीचं शरीर तिच्यासाठी ताल होतं, आणि ती तो चुकली नाही. त्या पर्वाची विजेती तीच, आणि तो क्षण पुढे बाफ्टा या ब्रिटनच्या चित्रपट-टीव्ही पुरस्काराने गौरवला. २०२४ मध्ये ख्रिस मॅककॉसलंड हा अंध विनोदवीर जिंकला. त्याला डायन बझवेलने पावलं शिकवली ती शब्दांनी आणि स्पर्शाने, कारण बघून नक्कल करणं शक्यच नव्हतं. नेणं, ऐकणं, अंगातून समजून घेणं. जोडीनृत्याचा जो गाभा टीव्हीच्या साच्यात एरवी हरवतो, तो या दोन जोड्यांना टाळताच आला नाही.

म्हणून वाहिन्यांकडे आमच्या काही मागण्या आहेत, आणि त्या महागड्या नाहीत. नाच चालू असताना निदान वीस सेकंद पूर्ण शरीर दाखवा, कट न मारता. विजेत्याच्या नावासोबत जोडीदाराचं नाव त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा. मागच्या नर्तकांची नावं भागाच्या शेवटी पळवू नका, वाचता येतील अशी थांबवा. कथक असेल त्या दिवशी तबलजी मंचावर बसवा. लावणी असेल त्या दिवशी ढोलकीपटू, पेटीवादक आणि गायिका समोर आणा, ट्रॅक बंद ठेवा. आणि ढोलकीपटूला सांगा, सरावात न वाजवलेला एक तोडा आयत्या वेळी टाक.

(दृश्य : ढोलकीवर हात. मंचावर दोन नर्तक, डोक्यापासून पायापर्यंत. कट नाही.)