करार सगळ्यांचा, तक्रार ऐकायची कोणी?

हा पिवळा ट्रक बर्फ हटवण्यासाठी घेतलाय. पुढचं पातं वर उचललं, की हायड्रॉलिकच्या नळीतून तेल ठिबकतं. फरशीवरचा हा डाग त्याचाच. ट्रक अमेरिकेतल्या एका छोट्या नगरपालिकेचा आहे, पण निविदा राज्याच्या खरेदी विभागाने काढली. दर त्यांनीच ठरवले, नगरपालिकेने त्या दराने ऑर्डर दिली. ही सहकारी खरेदी. मागणी एकत्र झाली की भाव उतरतो, निविदेचा खटाटोपही एकदाच.

आता टेबलावरच्या या दोन फायली पाहा. जाड फाईल मुख्य कराराची, बारीक फाईल सहभागाच्या पुरवणीची, म्हणजे त्या करारात सामील होताना सही करायच्या जोड-कराराची. वाद झाला की आधी बारीक फाईल उघडायची. अनेक राज्यं मिळून खरेदी करतात त्या नॅस्पो व्हॅल्यूपॉइंटच्या करारांत पुरवणीचा शब्द सगळ्यात वरचा, त्याखाली मुख्य करार. पुरवठादाराचा प्रस्ताव अगदी शेवटी. म्हणून नळी गळली तर कोण, किती दिवसांत दुरुस्त करणार आणि तक्रार कोणाकडे न्यायची, हे पुरवणीतच लिहून घ्यायला हवं. तेही सही करण्याआधी.

अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने 1979 मध्ये राज्यांसाठी नमुना खरेदी संहिता मंजूर केली. तिचं दहावं प्रकरण सहकारी खरेदीचं. करार चालवणारी संस्था (इथे राज्याचा खरेदी विभाग) आणि ठेकेदार यांच्यातला वाद मात्र नवव्या प्रकरणाप्रमाणे सोडवायचा. आधी खरेदी अधिकाऱ्याने आपसांत तडजोड पाहायची. नाही जमली, तर कारणं देऊन लेखी निर्णय द्यायचा आणि दाद कुठे मागता येईल तेही कळवायचं. ठेकेदाराने अंतिम निर्णय लेखी मागूनही 60 दिवसांत तो आला नाही, तर निर्णय आपल्या विरोधात गेला असं धरून त्याला पुढे जाता येतं. आमच्या मते हे कलम सगळ्यात मोलाचं. फाईल दाबून ठेवायला त्यात वावच नाही.

आणि ज्यांच्या दारात ट्रक उभा आहे, त्यांचं काय? संहितेने तिथेही वाट ठेवलीय. नववं प्रकरण लागू नसलेली स्थानिक संस्था खरेदीविषयक अपील मंडळाशी करार करून आपले वाद तिथे नेऊ शकते. ही सोय छोट्या गावांनी वापरायलाच हवी.

निकाल लागेपर्यंत बर्फ भाड्याच्या यंत्राने हटवला जातो. ते बिल नगरपालिका भरते आणि भरपाईच्या मागणीला जोडते.