ल माँ १९९५: रस्त्यावरची गाडी चोवीस तास पळते

(पडदा उजळतो. ओला ट्रॅक, करड्या रंगाची गाडी, दारावर ५९ हा आकडा.)

१८ जून १९९५, रविवार. फ्रान्समधल्या ल माँ इथली चोवीस तासांची शर्यत संपली आहे. सगळ्यात पुढे आहे ही करडी मॅक्लारेन एफ-वन जीटीआर. १३.६ किलोमीटरच्या ट्रॅकवर २९८ फेऱ्या, म्हणजे चार हजार किलोमीटरहून जास्त अंतर, आणि त्यातला मोठा भाग धो धो पावसात. तिसरी, चौथी आणि पाचवी गाडीसुद्धा मॅक्लारेनच आहे.

नवल जिंकण्याचं नाही. नवल हे आहे की ही गाडी शर्यतीसाठी काढलेलीच नव्हती.

गॉर्डन मरे. डर्बनमध्ये जन्मलेला, ब्रॅबम आणि मॅक्लारेनसाठी फॉर्म्युला वनच्या गाड्या घडवलेला माणूस. त्याला जगातली सर्वोत्तम रस्त्यावरची गाडी करायची होती. १९९२ साली मॅक्लारेन एफ-वन लोकांसमोर आली. कार्बन फायबरचा सांगाडा. ड्रायव्हर मधोमध, दोन प्रवासी त्याच्या दोन्ही बाजूंना थोडे मागे. मागे बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशे यांनी घडवलेलं ६.१ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, ६२७ हॉर्सपॉवरचं, टर्बो (दाबाने जास्तीची हवा भरणारा पंप) नसलेलं. एवढं सगळं असून वजन साधारण ११४० किलो.

मरेने एकेक ग्रॅमसाठी भांडण केलं होतं. पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही. त्याची ही शिस्त पुढे शर्यतीत कामाला आली.

(जुनी छायाचित्रं: कारखाना, उघडा पडलेला सांगाडा.)

रे बेलम आणि थॉमस ब्शर या दोघा हौशी रेसर्सनी मॅक्लारेनच्या मागे लकडा लावला: ही गाडी शर्यतीत उतरवा. मरेच्या मनात ते नव्हतं. पण मागणी थांबेना, तेव्हा कंपनीने होकार दिला आणि वेळ हातात थोडाच उरला.

आता खरं काम सुरू झालं. वेग तर गाडीत मुळातच होता. प्रश्न होता तो चोवीस तास टिकण्याचा.

रस्त्यावर गाडी क्वचितच पूर्ण ताकदीने पळते. मालक दहा मिनिटं दाबतो आणि मग सिग्नलला उभा राहतो. ल माँला मात्र इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक सगळंच तापतं आणि थंड व्हायला उसंत मिळत नाही. म्हणून पहिला विचार उष्णतेचा. नाकाच्या मधोमध हवा आत घेणारं मोठं तोंड उघडलं. रस्त्यावरच्या गाडीत मागच्या चाकांच्या पुढे, दोन्ही अंगांना सामान ठेवायचे कप्पे होते. जीटीआरमध्ये, म्हणजे गाडीच्या शर्यतीच्या रूपात, त्या जागी हवेच्या वाटा आल्या. ज्या कप्प्यात एखाद्याची सुटकेस गेली असती, तिथून आता थंड वारा आत जात होता. या एका बदलात मला सगळ्या प्रकल्पाचा स्वभाव दिसतो. गाडी मोडली नाही, तिच्यातल्याच जागांना नवं काम दिलं.

आतली गाद्या-गालिच्यांची सगळी ऐट गेली आणि पोलादी पिंजरा बसला. मागे स्थिर पंख आला. इंजिनाचं मात्र उलटंच झालं. नियमाने हवेच्या वाटेत रिस्ट्रिक्टर, म्हणजे आत जाणारी हवा कमी करणारा अडसर, बसवावा लागला आणि ताकद सुमारे ६०० हॉर्सपॉवरवर उतरली. पळणाऱ्याच्या नाकपुड्या चिमटीत धरल्यासारखंच ते. शर्यतीची गाडी रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कमी ताकदीची! तरी ती चपळ होती, कारण वजन आणखी घटलं होतं. आणि इंजिनाला पूर्ण जोर लावावा लागत नव्हता, हे चोवीस तासांच्या हिशोबात वाईट नव्हतं.

(जवळून: पावसात धूसर झालेलं चाक, आत लालसर झालेली डिस्क.)

ब्रेककडे जरा थांबून पाहू. मूळ गाडीत लोखंडी डिस्क होत्या. जीटीआरला कार्बनच्या बसवल्या. कार्बन हलका आणि प्रचंड उष्णता सोसणारा, पण गार असला की पकडतच नाही. तापला की मग खरा चावा घेतो. कोरड्या ट्रॅकवर तो तापतोच. पावसात लांबलचक सरळ रस्त्यावर डिस्क गार पडते आणि पुढे वळण येतं. अशा वेळी ड्रायव्हरला वळणाच्या बऱ्याच आधी पायाने हलका दाब देत ब्रेक ऊबदार ठेवावा लागतो. काळोख, पाणी, समोरच्या गाडीने उडवलेला फवारा आणि वर ही कसरत, दर फेरीला.

पण ज्याची सगळ्यांना धास्ती होती तो भाग वेगळाच: गिअरबॉक्स आणि क्लच. सहा गिअरचा, हाताने टाकायचा. चोवीस तासांत गिअर हजारो वेळा बदलला जाणार. शर्यतीआधी फ्रान्समधल्याच मॅन्यी-कूरच्या ट्रॅकवर चोवीस तासांची रंगीत तालीम झाली, ती याच साठी.

आणि भीती खरी ठरली. रविवारी सकाळी अँडी वॉलेस, डेरेक बेल आणि त्यांचा मुलगा जस्टिन यांची पिवळी मॅक्लारेन आघाडीवर होती. शेवटचे काही तास उरले असताना गिअर टाकणं कठीण झालं. विजय हातातोंडाशी आला होता, तिथून ती तिसरी आली. बाप आणि मुलगा एकाच गाडीतून ल माँच्या विजयाच्या इतके जवळ पोचले होते. तो घास गेला त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

पावसाने या गाड्यांना मदतही केली. ओल्या रस्त्यावर चाकांची पकड कमी, त्यामुळे गिअरबॉक्सवरचा ताणही कमी. आणि टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोर एकदम उसळत नाही, सलग वाढत जातो. निसरड्या ट्रॅकवर ड्रायव्हरला असाच साथीदार हवा असतो.

आघाडी आता ५९ नंबरकडे होती. ही कारखान्याचीच चाचणीची गाडी. पॉल लॅन्झान्ते यांच्या छोट्या ब्रिटिश टीमने ती पळवली. ड्रायव्हर तिघे: जे. जे. लेहतो, यानिक दालमास आणि मासानोरी सेकिया. रात्रीच्या मुसळधार पावसात फिनलंडच्या लेहतोने गाडी अशी हाकली की इतर बघत राहिले. सेकिया तर ल माँ जिंकणारा पहिला जपानी ठरला. दुसरी आलेली फ्रेंच गाडी कुराज, जिच्यात ५५ वर्षांचा अमेरिकी रेसर मारियो आंद्रेत्ती होता, फक्त एका फेरीने मागे होती.

दालमासची गोष्ट आणखी वेगळी. आदल्या वर्षी, १९९४ मध्येही तो विजेत्या गाडीत होता, दाउअर ९६२ मध्ये. ती पोर्शची मूळ शर्यतीची गाडी, नियमातल्या पळवाटेसाठी नंबरप्लेट लावून रस्त्यावरची म्हणून दाखवलेली. मॅक्लारेन उलट दिशेने आली: आधी रस्ता, मग ट्रॅक. तिच्या विजयाचं मोल मला जास्त वाटतं ते म्हणूनच.

शर्यत पूर्ण केलेल्या पाच गाड्यांच्या मानासाठी मॅक्लारेनने एफ-वन एलएम नावाच्या पाच गाड्या विकल्या. रिस्ट्रिक्टर काढलेला, ६८० हॉर्सपॉवर.

मग वारं फिरलं. १९९६ मध्ये पोर्शने ९११ जीटी-वन आणली, जी आधी शर्यतीचीच होती. मॅक्लारेनला उत्तर द्यावं लागलं. १९९७ची जीटीआर लांब शेपटीची, सीक्वेन्शियल (एकामागून एक क्रमानेच गिअर बदलणाऱ्या) गिअरबॉक्सची झाली. आणि ती नियमात बसून शर्यतीत उतरावी म्हणून त्याच आकाराच्या मोजून तीन गाड्या रस्त्यासाठी बांधाव्या लागल्या, तेव्हा तीन वर्षांपूर्वी दाउअरने धरलेली वाट मॅक्लारेनलाही धरावी लागली. त्या वर्षी ल माँला मॅक्लारेन दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर आल्या.