सरासरीच्या आड दडलेला पाऊस

नमस्कार. माझ्या हातातली ही काचेची मोजनळी पाहा. साध्या पर्जन्यमापकासोबत अशी नळी असते आणि तिच्यावर वीस मिलिमीटरपर्यंतच्या खुणा असतात. रोज सकाळी साडेआठ वाजता निरीक्षक नरसाळ्याखालच्या बाटलीत साठलेले पाणी या नळीत ओततो, पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत धरून वाचतो आणि आकडा वहीत लिहितो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, इतके हे माप सोपे आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तो या नळीने मोजायचा झाला असता, तर ती सत्तेचाळीस वेळा काठोकाठ भरून रिकामी करावी लागली असती आणि तरीही थोडे पाणी उरले असते. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला ७३ मिलिमीटर. या दोन आकड्यांची सरासरी पाचशेच्या वर जाते, पण तेवढा पाऊस त्या दिवशी ना सांताक्रूझला पडला, ना कुलाब्याला.

हवामान बदलाने मान्सूनचे काय होत आहे, असा प्रश्न निघाला की बहुतेक चर्चा याच सरासरीपाशी अडकते. यंदा अमुक टक्के पाऊस झाला, म्हणजे पाऊसमान चांगले, असे आपण म्हणून टाकतो. खरा बदल मात्र पाऊस पडण्याच्या रीतीत झालेला आहे, आणि तो हंगामाच्या बेरजेत दिसत नाही.

हे स्पष्टपणे दाखवणारा एक महत्त्वाचा अभ्यास डिसेंबर २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी १९५१ ते २००० या काळातल्या मध्य भारताच्या रोजच्या पावसाच्या नोंदी तपासल्या. या नोंदी देशभरातल्या १,८०३ पर्जन्यमापक केंद्रांवरून जमवून, तपासून, नकाशाचे सारखे चौकोन पाडून चौकटीवार मांडलेल्या होत्या. म्हणजे पन्नास वर्षे कुणीतरी रोज सकाळी अशीच एक नळी हातात धरून आकडा लिहीत होते, त्या वह्यांवर हे संशोधन उभे आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते. निष्कर्ष असा निघाला की हंगामातल्या एकूण पावसात ठळक घट किंवा वाढ नव्हती. मात्र दिवसाला १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना वाढत गेल्या होत्या, आणि पाच ते शंभर मिलिमीटरचा, शेतीला मानवणारा मध्यम पाऊस कमी होत गेला होता. एकाची वाढ आणि दुसऱ्याची घट एकमेकांना झाकत राहिली, म्हणून बेरीज जवळपास तशीच दिसली.

मुसळधार पाऊस का वाढावा, याच्या मुळाशी भौतिकशास्त्रातला एक जुना नियम आहे. एकोणिसाव्या शतकात क्लॅपेरॉन आणि क्लॉसियस यांनी मांडलेल्या या नियमानुसार हवेचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढले, की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प सामावून घेऊ शकते. समुद्र तापला की बाष्पाचा पुरवठाही वाढतो. ढग तयार होण्याची परिस्थिती जुळून आली की हे जादा बाष्प थोड्या वेळात, थोड्या जागेवर उतरते. त्यात बाष्पाचे पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते, ती ढगातल्या वर चढणाऱ्या हवेला आणखी जोर देते. त्यामुळे काही वेळा पाऊस सात टक्क्यांच्या हिशेबापेक्षाही जास्त वाढतो.

मग एकूण पाऊसही वाढायला नको का? मान्सूनचे वारे वाहतात ते जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदी महासागर वेगाने तापला आणि उपखंडावर धूर, काजळी व सल्फेटचे सूक्ष्म कण वाढून जमिनीवर पोहोचणारे ऊन कमी झाले. दोन्हींमुळे तो फरक घटला आणि वारे मंदावले. वातावरणात बाष्प वाढत होते आणि ते वाहून आणणारा प्रवाह अशक्त होत होता, असे दोन परस्परविरोधी परिणाम एकाच वेळी चालू होते. त्यात २००२ नंतर उत्तर-मध्य भारतातला पाऊस पुन्हा सावरू लागल्याचे अमेरिकेतल्या ‘एमआयटी’ या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले. त्यामुळे ‘मान्सून कमी होत आहे’ किंवा ‘वाढत आहे’ असे एका वाक्यातले उत्तर कुणी दिले, तर तो कोणत्या काळाबद्दल आणि कोणत्या प्रदेशाबद्दल बोलत आहे, हे आधी विचारावे.

त्याच वर्षी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा दुवा जोडला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या होत्या. त्यांनी या घटनांमधल्या बाष्पाचा माग काढला, तेव्हा अरबी समुद्रावरून येणारे वारे पूर्वीपेक्षा अधिक चढउताराचे झाल्याचे दिसले. एरवी ते मंद असतात, आणि मधूनच दोन-तीन दिवस जोर धरून बाष्पाचा मोठा लोंढा जमिनीवर आणतात. उत्तर अरबी समुद्राच्या तापण्याशी त्यांनी या चढउताराचा संबंध जोडला. महाराष्ट्राच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट ही, की असा लोंढा समुद्रावर दिसू लागला तर इशारा देण्यासाठी दोन-तीन दिवस हातात मिळू शकतात.

येथे एका शब्दाबद्दल बोलले पाहिजे. जोराचा पाऊस झाला की आपल्याकडे लगेच ‘ढगफुटी’ म्हटले जाते. हवामान खात्याच्या व्याख्येत ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या लहान क्षेत्रावर तासाभरात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, चिपळूण बुडाले, महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. तो पाऊस ढगफुटीचा नव्हता; समुद्रावरून येणाऱ्या जोरदार वाऱ्यांनी तो घाटमाथ्यावर सतत ओतलेला होता. हा फरक नावापुरता नाही. तासाभराच्या ढगफुटीचा अंदाज फार आधी देणे आजही जवळपास अशक्य आहे, पण बाष्पाच्या लोंढ्याचा अंदाज देता येतो. दोन्हींना एकच नाव दिले, की जे आधी कळू शकत होते तेही दैवाच्या खात्यात जाते.

अंदाज मात्र संगणकीय प्रारूपांवर अवलंबून असतात, आणि त्यांची अडचण सह्याद्रीत चटकन समजते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की तो हजारही भरत नाही. प्रारूप सगळ्या प्रदेशाचे चौकोनी तुकडे पाडते आणि प्रत्येक चौकटीसाठी पावसाचा एकच आकडा काढते; जागतिक हवामान बदलाच्या अनेक प्रारूपांत अशा एका चौकटीची बाजू शंभर किलोमीटरच्या आसपास असते. त्या चौकटीत कोकणचा किनारा, घाटमाथा आणि वाई एकत्र येतात, सह्याद्री एखाद्या उतरत्या टेकाडासारखा सपाट होतो आणि सगळ्यांच्या वाट्याला एकच पाऊस येतो. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ या आपल्याकडच्या हवामान अंदाजाच्या प्रारूपाची चौकट सहा किलोमीटरची आहे. तिच्यात महाबळेश्वर आणि वाई वेगळे होतात, पण एकेकटा ढग त्याहून लहान असू शकतो, त्यामुळे त्याच्या आत काय घडते ते सूत्रांनी अदमासेच मांडावे लागते.

ती सूत्रे पारखण्यासाठी महाबळेश्वरला २०१२ पासून पुण्याच्या याच संस्थेची मेघभौतिकी प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात तेथे ढग जमिनीला टेकूनच जातात, त्यामुळे विमान न उडवता ढगाच्या आत मोजमाप करता येते. पावसाचा एक थेंब भरायला मेघातले सुमारे दहा लाख सूक्ष्म बिंदू एकत्र यावे लागतात. ते किती लवकर एकत्र येतात हे हवेतल्या धुळीवर, मिठाच्या कणांवर आणि धुरावरही अवलंबून असते. तेथल्या एका उपकरणात प्रकाशाचा पातळ पट्टा सोडलेला असतो. त्यातून पडणारा प्रत्येक थेंब क्षणभर प्रकाश अडवतो आणि त्यावरून त्याचा आकार व वेग कळतो. अशा मोजमापांतून घाटमाथ्याचा बराचसा पाऊस उथळ ढगांतून, लहान लहान थेंबांनी पडतो असे दिसले आहे, तर पर्जन्यछायेतल्या, उंच चढणाऱ्या ढगांतले थेंब मोठे असतात. बाहेरून दोन्हीकडे पाऊसच दिसतो आणि या नळीतही आकडा एकच येऊ शकतो. प्रारूपाला मात्र त्यांच्यासाठी दोन वेगळी सूत्रे लागतात, आणि तीच नीट बसवण्याचे काम सध्या चालू आहे.