कात्री, तीन पेन्सिली आणि काटापट्टी

(दृश्य: पहाट. फाट्यावर थांबलेली एसटी, दारातून खाली पडणारा गठ्ठा.)

सकाळचे पावणेसहा. वर्धा नदीच्या काठचं हे गाव अजून पुरतं जागं झालेलं नाही. एसटी फाट्यावर जेमतेम थांबते, वाहक दारातूनच गठ्ठा खाली टाकतो आणि डबल बेल देतो. सुतळीनं बांधलेला गठ्ठा, वरचे दोन अंक दवानं मऊ पडलेले. रात्री नागपुरात छपाई झाली, पहाटे गाडी तालुक्याला पोचली, तिथल्या एजंटानं गावागावाच्या प्रती मोजून वेगळ्या बांधल्या. या गावाच्या वाट्याला सव्वीस प्रती येतात. वर्तमानपत्रं चार.

(दृश्य: पानठेला. चुना लावणारं बोट, शेजारी उघडलेला अंक.)

पानठेल्यावर पहिला अंक उघडतो आणि पहिला प्रश्न येतो, "हा कोनाचा पेपर हाय?"

विदर्भातल्या कुठल्याही ठेल्यावर हा प्रश्न ऐकू येईल, आणि तो विचारायलाच हवा. अडचण एवढीच, की पुष्कळदा वाचणं तिथंच संपतं. पेपर आपल्या बाजूचा असला तर सगळं खरं, समोरच्याचा असला तर सगळं खोटं. त्या प्रश्नाच्या पुढं जाऊन वाचणारी माणसं आम्हाला या गावाच्या वाचनालयात भेटली.

(दृश्य: कौलारू खोली, लाकडी कपाट, टेबलावर कात्री, खळ, तीन पेन्सिली.)

दर रविवारी दहा वाजता इथं पंधरा-वीस माणसं जमतात. ग्रंथपाल बाईंना सगळं गाव काकू म्हणतं. त्या एकाच घटनेच्या चारही वर्तमानपत्रांतल्या बातम्या कापून पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवतात. मग पेन्सिली फिरतात. जे घडलं आणि तुम्हा-आम्हाला जाऊन तपासता येईल, त्याखाली निळी रेघ: तारीख, ठिकाण, आकडा, आदेशाचा क्रमांक. कुणीतरी जे म्हटलं, त्याखाली हिरवी. वार्ताहरानं पदरचं जे घातलं, त्याखाली लाल.

(दृश्य: अगदी जवळून. कागदावर फिरणारी लाल पेन्सिल.)

ही बातमी बघा. 'चपराक' लाल. 'टोला लगावला' लाल. 'राजकीय वर्तुळात एकच खळबळ' लाल. 'विश्वसनीय सूत्रांच्या माहितीनुसार' या शब्दांपाशी पेन्सिल थांबते. बोलणाऱ्याचं नाव नाही, म्हणून हिरवी चालत नाही. दहावीतली एक मुलगी त्याखाली लाल रेघ ओढते आणि काकूंकडे बघते. काकू मान हलवतात. अठरा ओळींच्या बातमीत निळं उरलं ते एक गाव आणि एक वार.

एक गोष्ट इथं ठासून सांगायला हवी. लाल रेघ म्हणजे खोटं, असं इथं कुणी मानत नाही. लाल रेघ म्हणजे हे वार्ताहराचं मत आहे, ते मत म्हणून वाचायचं.

(दृश्य: बाजाराचं मैदान. बिछायतवाल्याच्या गोदामात रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या.)

मैदान याच गावचं. निवडणुकीत इथं सभा झाली. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रानं 'जनसागर उसळला' असं छापलं, दुसऱ्यानं 'सभेकडे मतदारांची पाठ'. दोघांचेही फोटो खरे होते. पहिल्याचा फोटो मंचासमोरून जवळून घेतलेला, त्यात डोक्याला डोकं लागलेलं. दुसऱ्याचा मागच्या कोपऱ्यातला आणि सभा सुरू व्हायच्या आधीचा. सावल्या अजून लांब पडल्या होत्या, त्यावरून वाचनालयातल्या पोरांनी ते ओळखलं. मग ती पोरं थेट बिछायत केंद्रात गेली. खुर्च्या किती टाकल्या, हे त्याच्या वहीत लिहिलेलं असतं, कारण त्यावर त्याचं भाडं ठरतं. वहीत दोन हजार. मागं उभी असलेली माणसं धरली तरी सागर होत नाही आणि पाठही फिरवलेली दिसत नाही.

(दृश्य: बाजार समितीचं आवार. सोयाबीनचे ढीग, हर्रास म्हणजे लिलाव, मुठीत दाणे घेऊन बघणारे व्यापारी, भावफलक.)

पण पेन्सिलीचा खरा कस लागला तो सोयाबीनच्या भावात.

२०२४चा हंगाम. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, आणि सोयाबीन नेमकं त्याच दिवसांत बाजारात. केंद्राचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आदल्या वर्षीपेक्षा २९२ रुपयांनी जास्त. पुठ्ठ्यावरच्या एका वर्तमानपत्राचा मथळा या वाढीचा. दुसऱ्याचा मथळा 'सोयाबीन मातीमोल'. तिसऱ्यात मुहूर्ताच्या सोयाबीनचा भाव, हार घातलेल्या शेतकऱ्याच्या फोटोसकट. यातला एकही आकडा बनावट नव्हता.

आता हा फलक नीट बघा. भाव तीन लिहिलेले असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. भिजलेल्या, डागी मालाची एखादी ढेरी किमान भावात जाते. हंगामातली पहिली गाडी किंवा निवडक चांगला माल कमाल भाव घेतो. ज्या भावानं बहुतेकांचा माल विकला जातो, तो सर्वसाधारण. सरकारची पाठ थोपटायची तर कमाल उचलायचा, सरकारला झोडपायचं तर किमान. शेतकऱ्याच्या घरात येतो तो बहुतेक वेळा मधला, आणि त्याला मथळ्यात जागा मिळत नाही.

(दृश्य: शर्टाच्या खिशातून निघालेली, चार घड्यांची काटापट्टी.)

ही एका शेतकऱ्याची काटापट्टी, म्हणजे विकलेल्या मालाची पावती. भाव ४,१००. हमाली, मापाई वजा. त्यानं ती वाचनालयाच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मंग थो हमीभाव मले काऊन नाही भेटला?"

याचं उत्तर चारही वर्तमानपत्रांच्या त्या दिवशीच्या बातम्यांत नव्हतं. हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची मर्यादा होती १२ टक्के. परतीच्या पावसानं भिजलेला माल त्यात बसत नव्हता, म्हणून तो केंद्रावरून परत येत होता आणि खासगी हर्रासात जात होता. मतदानाच्या तोंडावर, नोव्हेंबरात, केंद्रानं ती मर्यादा १५ टक्क्यांवर नेली. प्रचारात एका बाजूनं ६,०००चा शब्द दिला, दुसरीनं ७,०००चा. मोठ्या टाइपात शब्द छापून आले. ओलाव्याचे टक्के शोधायला आम्हाला आतली पानं चाळावी लागली. पक्षपात नुसता लिहिलेल्या ओळींत शोधून भागत नाही. काय गाळलंय, हे कळायला चौघांचे अंक शेजारी लागतात आणि पाचवी ही काटापट्टी लागते.

(दृश्य: वाचनालयाच्या भिंतीवर जुन्या अंकांच्या छायाप्रती.)

आपल्याकडे वर्तमानपत्राला बाजू असणं नवं नाही. टिळक-आगरकरांचा 'केसरी' १८८१चा. यवतमाळात १९१८ साली लोकनायक बापूजी अणे यांनी 'लोकमत' साप्ताहिक काढलं; अणे टिळकांच्या बाजूचे, हे सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक. ३१ जानेवारी १९२०ला डॉ. आंबेडकरांचं 'मूकनायक' निघालं, ते कुणाच्या वतीनं बोलणार हे नावातच सांगून. त्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'नं छापली नाही, ही नोंद बाबासाहेबांनी पुढं 'बहिष्कृत भारत'मध्ये करून ठेवली. बाजू उघड होती, आणि गाळणंही होतं. काकू ही गोष्ट प्रत्येक नव्या वाचकाला सांगतात, कारण थोर नावाच्या अंकावरही पेन्सिल चालवायचा धीर त्यातून येतो.

(दृश्य: शेवटच्या पानाचा तळ, भिंगाखाली.)

भिंग घेऊन हा तळ वाचा. मुद्रक, प्रकाशक, संपादक, छापखान्याचा पत्ता. मुद्रक-प्रकाशकांची नावं छापायचं बंधन १८६७च्या कायद्यापासूनचं; संपादकाचं नाव त्यात पुढं आलं. १९५६च्या नियमांनी आणखी एक बंधन घातलं: फेब्रुवारी संपला की पुढच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन, 'नमुना ४'. भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा कुणाकुणाचा, हे त्यात द्यावं लागायचं. काकूंनी अशी निवेदनं जपून ठेवलीत. ठेल्यावरचा प्रश्न, 'हा कोनाचा पेपर', त्याचं छापील उत्तर इथं आहे.

(दृश्य: दोन वेगळ्या वर्तमानपत्रांतली दोन कात्रणं. बोट ओळीओळीवर फिरतं.)

आणि ही दोन कात्रणं. एकमेकांचे स्पर्धक असलेले अंक, एकाच दिवशीचे. उमेदवाराचा तोच फोटो, तेच 'विकासपुरुष', स्वल्पविरामसुद्धा तिथंच. 'जाहिरात' हा शब्द कुठंच नाही. पैसे घेऊन बातमी छापायचा हा प्रकार महाराष्ट्रात २००९च्या विधानसभा निवडणुकीत उघडा पडला. पत्रकार पी. साईनाथ यांनी तो मांडला, भारतीय वृत्तपत्र परिषदेनं परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्यांचा ७१ पानांचा अहवाल परिषदेनं लगेच पुरता बाहेर येऊ दिला नाही. तो लोकांपुढं यायला २०११ उजाडलं.

या माहितीपटाचं निवेदन लिहिणारा मी स्वतः सहा वर्षं तालुका वार्ताहर होतो. पगार नव्हता. जाहिरातीवर कमिशन होतं. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी भरली तर घरात किराणा यायचा. त्याच नेत्याच्या रस्त्याच्या कामाची तक्रार घेऊन लोक माझ्याच दारात यायचे. मी ती बातमी दोनदा लिहिली आणि दोन्ही वेळा पाठवली नाही. मला कुणी दम दिला नव्हता. म्हणून गावातल्या वार्ताहराला लबाड म्हणण्याआधी त्याचं पोट कशावर चालतं ते बघा, आणि त्याची बातमी वाचतानाही तेच लक्षात ठेवा.

(दृश्य: एक बंद दार. ओसरीवर पालथी घातलेली खाट.)

तारीख कापलेल्या एका जुन्या कात्रणाचा फोटो निवडणुकीत मोबाइलवर फिरला, भांडण ठाण्यापर्यंत गेलं. त्या भांडणातली दोन घरं अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर लक्ष ठेवायला जिल्ह्याजिल्ह्यात निवडणूक आयोगाच्या समित्या आहेत, आणि तसा खर्च लपवला म्हणून २०११ साली उत्तर प्रदेशातल्या एक आमदार अपात्रही ठरल्या.

(दृश्य: रविवार, दुपार. टेबलाभोवती माणसं, वर्गणीची वही, सुटे पैसे.)

आज वाचनालयात कात्रणं नाहीत, आज बैठक आहे. गावात जवळजवळ कुणालाच न आवडणारं एक वर्तमानपत्र आहे. त्याची बाजू इथल्या दोन्ही गटांना खटकते. ते वाचनालयात घ्यायला सुरुवात करायची का? तास-दीड तास बोलणं चाललं. एक म्हातारे बाबा सगळ्यांत जास्त चिडले, आणि दहा रुपयांची पहिली नोट त्यांनीच ठेवली.

(दृश्य: पहाट. फाटा. एसटीच्या दारातून पडणारा गठ्ठा. काकू सुतळी सोडतात.)

सोमवार. काकू प्रती मोजतात. सत्तावीस.