खोरं, खिंड आणि घाट : साताऱ्याचे सायकलरस्ते

[दृश्य: यवतेश्वर घाटाच्या कठड्यावरून सातारा शहर, पलीकडे अजिंक्यतारा. सकाळचे साडेसहा.]

साताऱ्यात सायकलचा रस्ता ठरवायचा तर आधी नकाशावरच्या नद्या बघाव्यात. कृष्णा, वेण्णा आणि कोयना, तिघीही महाबळेश्वरच्या डोंगरातून निघतात. कृष्णा वाईकडून उतरते, वेण्णा मेढ्यावरून येते, आणि साताऱ्याशेजारी माहुलीला दोघी भेटतात. कोयना सरळ दक्षिणेची वाट धरते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. कासच्या बाजूनं उरमोडी येते. या नद्यांच्या मधोमध डोंगराच्या सोंडा आहेत. रस्ता नदीच्या कडेकडेनं चालला असेल तर साठ किलोमीटरही अंगावर येत नाहीत. तोच रस्ता सोंड ओलांडून शेजारच्या खोऱ्यात जात असेल, तर वीस किलोमीटरला घाम फुटतो. म्हणून इथं नुसतं अंतर विचारण्यात अर्थ नाही. चढ किती मीटरचा आणि तो जाताना आहे की येताना, हे विचारायचं.

[दृश्य: समर्थ मंदिर चौक. सायकली उजव्या हाताच्या चढाला लागतात.]

समर्थ मंदिरापाशी दोन वाटा फुटतात. एक बोगद्यातून सज्जनगड आणि ठोसेघरकडे जाते, दुसरी यवतेश्वरच्या घाटानं कासला. सातारा शहर साधारण ७०० ते ७५० मीटर उंचीवर आहे, कासचं पठार १२०० मीटरच्या आसपास, आणि मधलं अंतर पंचवीसेक किलोमीटर. भागाकार केला तर सरासरी चढ दोन टक्केही भरत नाही. या सरासरीवर विसंबून पुष्कळजण पहिल्याच किलोमीटरला जोर लावतात आणि फसतात. उंचीचा मोठा वाटा सुरुवातीच्या घाटातच संपतो. त्यानंतर पठारावर रस्ता वर-खाली होत राहतो.

या घाटात पाय थकण्याआधी गियर संपतो. रोडबाईकला पुढं ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या आणि मागं ११ ते २८ दातांच्या चकत्या, ही जोडी सर्रास असते. सर्वांत हलका गियर म्हणजे ३४ ला २८. चाकाचा घेर २.१ मीटर धरला आणि मिनिटाला पॅडलचे ७० फेरे मारले, तर वेग पडतो तासाला पावणेअकरा किलोमीटर. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो असतील, तर सात टक्के चढावर त्याला साधारण १९० वॅट लागतात. तेवढी ताकद तासभर टिकवणं हौशी चालवणाऱ्याला जड जातं. मग फेरे ५० वर येतात, गुडघ्यांवर ताण येतो, मांड्या भरून येतात. मागं ३४ दाती चकती असेल तर त्याच ७० फेऱ्यांना वेग पावणेनऊच्या घरात येतो आणि काम १५५ वॅटमध्ये भागतं. फक्त कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून चालत नाही. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा डिरेलर जुना आणि लहान केजचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग आखूड) असेल, तर तो ३४ दाती चकतीला बहुधा पुरत नाही, आणि चेनही थोडी लांब घ्यावी लागते. हे दुकानातच तपासून घ्यावं.

[जवळून दृश्य: मागचा डिरेलर. चेन सर्वांत मोठ्या चकतीवर.]

निघण्यापूर्वी एक तपासणी चुकवू नये. मागचं चाक उचलून चेन सर्वांत मोठ्या चकतीवर चढवा आणि लिव्हर आणखी दाबून बघा. डिरेलर चाकाच्या आऱ्यांच्या दिशेनं सरकत असेल, तर ‘एल’ लिहिलेला स्क्रू पाव-पाव फेरा घट्ट करा. सायकल गाडीत आडवी टाकून आणलेली असली की डिरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, हमखास वाकतो. सपाटीला ते कळत नाही. घाटात शेवटचा गियर टाकला की चेन आऱ्यांत शिरते, डिरेलर तुटतो आणि चाकही जातं. हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, त्यामुळं आपल्या सायकलचा एक जास्तीचा हँगर पिशवीत असलेला बरा. वजन नगण्य.

गियर वळणाच्या आधी टाकायचा. पॅडलवर पूर्ण भार असताना हलका गियर टाकला की चेन कटकटते, कधी उतरते. अर्धा फेरा पाय सैल सोडा, गियर टाका, मग जोर लावा.

[दृश्य: घाटातलं वळण, वरून एसटी उतरतेय.]

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवतो, त्यामुळं घाटातली सगळी वळणं आपल्याला सारखी नसतात. डाव्या वळणाला आपण आतल्या कडेला येतो. तिथं रस्ता आखूड आणि उभा. उजव्या वळणाला आपण बाहेरच्या कडेला असतो, तिथं चढ मवाळ होतो. दम घ्यायची, पाण्याचा घोट घ्यायची जागा ती. डाव्या वळणावर चढ टाळायला रस्त्याच्या मध्यावर जाण्याचा मोह होतो. पण वरून एसटी येत असेल तर तिला वळायला अख्खा रस्ता लागतो, आणि तिचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जातं. हॉर्न ऐकला की वळणाच्या अलीकडंच थांबावं.

[दृश्य: कास पठार. मागं कास तलाव.]

कास पठार जांभ्याचं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं, आणि फुलांच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, शनिवार-रविवारी इथं मोटारींची रांग लागते. त्या दिवसांत सायकल आणायची तर आठवड्याच्या मधल्या वारी, उजाडता उजाडता. पायवाटेपलीकडं सायकल नेऊ नये. जांभ्यावरचा मातीचा थर बोटभरही नसतो, आणि टायरच्या चाकोरीत पुन्हा काही उगवायला फार वेळ लागतो.

इथून पुढं बामणोली. याच रस्त्यावर अनुभवी माणसंही फसतात. कासनंतर रस्ता कोयनेच्या खोऱ्यात उतरतो. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, पूर्ण भरला की पाण्याची पातळी ६५९ मीटर असते, आणि बामणोली त्याच पाण्याच्या काठावर. म्हणजे १२०० वरून आपण जवळजवळ पाचशे मीटर खाली आलो, साताऱ्याहूनही खाली. उतरायला वेळ लागत नाही, समोर पाणी दिसत असतं, पलीकडं वासोट्याचा डोंगर. परतीला तेच पाचशे मीटर, पाय आधीच वापरलेले, आणि ऊन डोक्यावर.

याचा हिशेब तासाला किती मीटर उंची, असा मांडावा. नवखा माणूस तासाला ४०० मीटर चढतो, सराव असलेला ६०० ते ७००. म्हणजे बामणोलीहून कासला यायला नवख्याला सव्वा तास सहज लागतो, थांबे वेगळे. कासपासून साताऱ्याला आणखी सव्वा तास. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, त्यामुळं तीनच्या आत बामणोली सोडावी. पाण्याच्या दोन्ही बाटल्या तिथंच भरून घ्याव्यात. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, एप्रिल-मे महिन्यात त्याहून जास्त. खाण्याचं म्हणाल तर दर तासाला ४० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ, म्हणजे दोन मध्यम केळी. भूक लागल्यावर खाल्लेलं त्या चढाला उपयोगी पडत नाही. चढाच्या अर्धा तास आधी खावं.

[जवळून दृश्य: रिमवर घासणारा ब्रेक शू, त्यात रुतलेले खडीचे कण.]

उताराचं गणितही चढाएवढंच साधं आहे. वर चढताना मिळवलेली सगळी ऊर्जा खाली येताना कुठंतरी घालवावी लागते. वारा अडवतो तेवढी त्यात जाते, बाकीची ब्रेकमध्ये उष्णता होऊन. ब्रेक सतत दाबून धरला तर रिम तापते, आतली पट्टी सरकते आणि ट्यूब फुटते. डिस्कचे पॅड तापून गुळगुळीत होतात आणि किंचाळायला लागतात. सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी, दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरवा, मग वळणात सोडून द्या. वळणाच्या बाहेरच्या कडेला बारीक खडी साचते. तिथं ब्रेक दाबला की पुढचं चाक निसटतं. डिस्कच्या पॅडवर अर्धा मिलिमीटर माल उरला की पॅड बदलायचेच. ब्रेक शूवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की शूही बदलायचे.

पावसात हे सगळं दुपटीनं. ओल्या रिमवर ब्रेक लगेच धरत नाही, आधी एखाद-दुसरा फेरा पाणी पुसण्यात जातो. झाडांच्या सावलीतल्या काँक्रीटवर शेवाळ येतं. टायर २८ मिलिमीटरचा असेल तर हवेचा दाब नेहमीपेक्षा दहा पीएसआय (पंपावरचं दाबाचं माप) कमी ठेवावा. लाल चिखल चेनवर वाळला की तिला कानशीसारखा खातो. घरी आल्यावर आधी पाण्यानं धुवा, पुसा, मगच तेल. चिखलावर तेल सोडणं हा पैसे घालवायचा सोपा मार्ग.

मुसळधार पावसात घाट टाळलेलेच बरे. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचला. दरड कोसळण्याआधी बहुधा उतारावरून गढूळ पाणी आणि लहान दगड येऊ लागतात. तसं दिसलं की मागं फिरावं.

[दृश्य: मेढ्याकडे जाणारा रस्ता, डाव्या-उजव्या हाताला भातखाचरं.]

मोठ्या फेरीसाठी सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाट, वाई आणि परत सातारा. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. बरेचजण ती वाईकडून सुरू करतात, कारण पसरणीचा चढ सारखा आहे. वाईपासून पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटरमध्ये पावणेसहाशे ते सहाशे मीटर, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत-बाहेर. तरीही उलटं जावं. केळघरचा रस्ता अरुंद आणि जागोजागी उखडलेला. असला रस्ता चढताना चालतो, उतरताना खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात गेलेलं असतं. पसरणीला पर्यटकांच्या गाड्या जास्त. चढताना त्या तासभर घासून जातात. उतरताना आपला वेग गाड्यांच्या बरोबरीचा असतो, कोणी ओव्हरटेक करण्याच्या फंदात पडत नाही. महाबळेश्वर ते पाचगणी हा एकोणीस किलोमीटरचा पट्टा मात्र कोणत्याही दिशेनं गर्दीचाच. तो दहाच्या आत पार करावा.

सांगली-मिरजेकडून येणाऱ्यांना सपाटीचा सराव असतो. त्यांनी पहिल्यांदा कराड-पाटण-कोयनानगर धरावं. नदीच्या संगतीनं जाणारा रस्ता, चढ सौम्य, आणि शेवटी १०३ मीटर उंचीचं कोयना धरण. अडचण एकच, आणि ती कारखाने सुरू झाल्यावरची. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर. उसाची टोकं बाजूला हात-दोन हात बाहेर आलेली असतात, मागची ट्रॉली डुलते, आणि ड्रायव्हरला मोठ्यानं लावलेल्या गाण्यात घंटी ऐकू येत नाही. त्याच्या मागं चिकटून वाऱ्याचा आडोसा घेऊ नये. ऊस पडतो. ओलांडायचं तर चढावर, समोर मोकळा रस्ता दिसत असताना, टोकांपासून चांगलं दोन मीटर लांबून. अंधारात या ट्रॉल्यांना मागं दिवा असेलच असं धरून चालू नये.

[दृश्य: पाचवडच्या पुढं महामार्ग, दुपारचं ऊन.]

मोठ्या फेरीचा शेवट वाईहून पाचवडला, आणि तिथून महामार्गानं. कडेच्या पट्टीत फुटलेल्या ट्रकटायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात. पंक्चर काढताना नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवा. केसाएवढी तार बोटाला लागत नाही, कापडाला अडकते. आनेवाडीचा टोलनाका गेला की आता उरला तो सपाट रस्ता, असं वाटतं. पण आपण अजून कृष्णेच्या खोऱ्यात आहोत आणि सातारा वेण्णेच्या बाजूला. मधली सोंड लिंब खिंडीत ओलांडायची राहिली आहे. चढ मोठा नाही, पण शंभर किलोमीटरनंतर येतो. वाईतच एक केळं खिशात टाका आणि आनेवाडीला खा.