घर जसं बसतं, तसा सोफा

नमस्कार श्रोतेहो.

सोफा घ्यायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, थ्री-प्लस-वन-प्लस-वन घ्यायचा की एल? मग रंग. मग पैसे, आणि दिवाळीच्या आत घरी येईल का. घरातली माणसं बसतात कशी, हे मात्र दुकानात कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. आज मला त्याबद्दलच बोलायचंय.

एकाच माणसाचं दिवसभरातलं बसणं आठवून बघा. सकाळी पेपर हातात असतो तेव्हा तो ताठ बसतो. दुपारी जेवण झालं की घसरतो, मान मागे टाकतो. अंगात कणकण असली की पाय पोटाशी घेऊन कुशीवर होतो. मैत्रीण आली की मांडी घालून तिच्याकडे वळतो, आणि कुणाशी बिनसलं की सगळ्यांकडे पाठ करतो. मन बदलतं तसं बसणं बदलतं. आणि आपला सोफा? तो भिंतीला पाठ लावून, टीव्हीकडे तोंड करून, वर्षानुवर्षं तसाच.

पूर्वी आपल्या घरांत असं नव्हतं. दिवाणखान्यात बैठक असायची. गाद्या, लोड, तक्के, गिरद्या. सवाई माधवरावांच्या १७९० सालच्या पुणे दरबाराचं थॉमस डॅनिएलनं रंगवलेलं एक प्रसिद्ध चित्र आहे, त्यातला दरबार असाच बैठकीवर भरलेला दिसतो. लोड पाठीला घ्या, कुशीला घ्या, मांडीवर घेऊन त्यावर कोपर टेकवा. पाहुणे वाढले की गादी पसरायची, गेले की गुंडाळायची. सगळं सुटं, सगळं हलतं.

हेच पुढे युरोपातल्या डिझाइनरांना वेगळ्या वाटेनं सापडलं. १९७० साली मारियो बेलिनी या इटालियन डिझाइनरनं ‘कमालेओंदा’ नावाचा सोफा केला. नव्वद सेंटिमीटर लांब, नव्वद रुंद अशा चौकोनी बैठका, त्यांना सुट्या पाठी, आणि जोडायला केबल, हूक आणि कड्या. आज ओळीत लावा, उद्या चौकात, परवा एकच तुकडा खिडकीशी. तो इतका हवाहवासा ठरला की २०२० साली कंपनीनं पुन्हा बाजारात आणला. १९७३ मध्ये फ्रान्सच्या लीन्य रोझे कंपनीचा ‘टोगो’ आला. आत लाकडी सांगाडाच नाही, नुसता फोम, आणि बैठक जमिनीलगत. तो पाहिला की मला आपली गादीच आठवते.

तर मुद्दा लक्षात ठेवा: तुकडे सुटे हवेत. हे मी पुन्हा सांगणार आहे.

पण हे मला परदेशी डिझाइनच्या फोटोंतून पटलं नाही. पटवलं ते भवानी पेठेतल्या, टिंबर मार्केटजवळच्या एका कारागिरानं. सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही चाचाच म्हणते.

माझी मावशी कोथरूडला राहते. मावशी, काका, मुलगा, सून आणि नात. हॉलमध्ये जुना थ्री-सीटर आणि दोन सिंगल, सागवानी, जड. तो बदलायचा ठरलं आणि मी चाचांना घेऊन गेले. संध्याकाळचे पाच वाजले असतील. मला वाटलं, आता टेप काढतील, भिंत मोजतील. चाचा स्वयंपाकघराच्या दाराशी एक स्टूल घेऊन बसले आणि मावशीला म्हणाले, “ताई, आधी चहा. टेप नंतर. तुम्ही सगळे रोजच्यासारखं करा, माझ्याकडे बघू नका.”

आणि हा माणूस रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत बसून राहिला. खिशात कापडावर खुणा करायचा खडू होता. कुणी बसलं की ते उठायची वाट बघायची, मग जाऊन त्या जागी फरशीवर एक गोल काढायचा आणि तोंड कुठे होतं त्या बाजूला बाण. मावशी हळूच मला म्हणाली, “पुसलं जाईल ना गं ते?” चाचांनी ऐकलं. म्हणाले, “ओल्या फडक्यानं जातं, ताई. काळजी नको.”

काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ते सोफ्यावर बसलेच नाहीत. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत हॉलमध्ये आणली आणि तिच्यावर बसले, कारण सोफ्यात खाली गेलं की उठवायला माणूस लागायचा. सून लॅपटॉप घेऊन फरशीवर, सोफ्याला पाठ टेकून. आपल्याकडे किती घरांत असं बसतात बघा, सोफा असतो आणि माणूस त्याच्या पायाशी. नात सिंगलच्या हातावर पोट टाकून, पाय वर, मोबाइल खाली. मावशी थ्री-सीटरच्या टोकाला, पाय वर घेऊन मटार सोलत होती, पण मांडी काही पुरती मावत नव्हती. गुडघा सारखा बाहेर. शेजारच्या काकू आल्या तर दोघी एका ओळीत बसल्या आणि मान वळवून वळवून बोलत राहिल्या. मावसभाऊ आठला आला, सोफ्यावर आडवा होऊन त्यानं पाय काचेच्या टीपॉयवर टाकले.

काचेच्या टीपॉयबद्दल माझं मत सांगूनच टाकते. लहान मूल आणि म्हातारं माणूस असलेल्या घरात ती वस्तू नसावी. नडगीला लागते, मुलांच्या कपाळाला लागते, आणि चहाच्या कपाचे डाग पुसण्यात घरातल्या बाईचा जन्म जातो. छोटा लाकडी चौरंग ठेवा, काम भागतं.

तर चाचा. जेवणं व्हायची वेळ झाली तेव्हा ते उठले आणि सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. म्हणाले, “बघा. या सोफ्यावर सगळ्यात जास्त वेळ कोण बसलं?” कुणाला सांगता येईना. चाचांनी सिंगलकडे बोट केलं. “वाळलेले कपडे. मी आलो तेव्हापासून तिथंच आहेत.” आणि मग फरशी दाखवली. खडूचे गोल बाल्कनीच्या दाराशी, टेबलाजवळ, पंख्याखाली, सगळीकडे. प्रत्येक बाण वेगळ्या दिशेला. टीव्ही संध्याकाळभर चालू होता, त्याच्याकडे वळलेला एकच बाण होता. “सोफा सोफ्याच्या जागी आहे,” चाचा म्हणाले, “आणि माणसं माणसांच्या जागी.”

मग त्यांनी टेप काढला. पण भिंत मोजली नाही. मावशीला फरशीवर मांडी घालायला सांगितली आणि तिची मांडी मोजली.

त्यांनी जे करून दिलं ते असं. तीस इंच बाय तीस इंचाचे चार चौकोन, उंचीला पंधरा इंच. पाठी सुट्या, पट्ट्यानं आणि हुकानं कुठल्याही बाजूला अडकणाऱ्या. आणि काकांसाठी एक वेगळी खुर्ची, एकोणीस इंच उंच, बैठक कडक, लाकडी हात पुढेपर्यंत आलेले, म्हणजे उठताना हातांवर भार देता येतो. चौकोनांना चाकं लावा म्हणून मीच म्हणत होते. चाचांनी साफ नाही म्हटलं: “म्हातारं माणूस हात टेकून उठायला गेलं आणि सोफा पळाला तर?” त्यांनी खाली जाड नमदा लावला. फरशीवरून ओढलं की सरकतं, बसलं की जागचं हलत नाही.

आता त्या घरात काय होतं ऐका. शेजारच्या काकू आल्या की दोन चौकोन समोरासमोर येतात. उन्हाळ्यात भाच्या-पुतण्यांचा मुक्काम पडला की चारही चौकोन पंख्याखाली जोडून मोठी गादी होते. गणपतीत ते भिंतीशी जातात आणि मखराला जागा होते.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. नातीची दहावी झाली, तिला आर्ट्सला जायचं होतं आणि घरात वादावादी झाली. तिनं आपला चौकोन ओढत बाल्कनीच्या दाराशी नेला, पाठ घराकडे वळवली आणि बाहेर बघत बसली. पूर्वी राजवाड्यात रुसायला वेगळं कोपभवन असायचं. टू बीएचकेमध्ये ते कुठून आणायचं? मुलं बाथरूममध्ये कडी लावून बसतात. इथे त्या पोरीला निदान एक कोपरा मिळाला. मावशीनं तिला हाक मारली नाही. थोड्या वेळानं थालीपिठाची ताटली घेतली, दुसरा चौकोन ओढत तिच्या शेजारी नेला आणि तीसुद्धा बाहेर बघत बसली. कुणी काही बोललं नाही. थालीपीठ संपलं तेव्हा नातीनंच हूक काढून पाठ फिरवली आणि आजीकडे तोंड केलं. नंतर दोघी बराच वेळ बोलत होत्या, आणि पोरगी आर्ट्सलाच गेली. जागचा न हलणारा सोफा असता तर हे बोलणं झालं नसतं असं मी म्हणणार नाही, पण सोपं गेलं नसतं हे नक्की.

म्हणून पुन्हा सांगते: तुकडे सुटे हवेत. आणि आधी घर कसं बसतं ते बघा, मग सोफा बघा.

दुकानात जाणार असाल तर थोडं कामाचं. सीटची डेप्थ, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतचं अंतर, साधारण वीस-बावीस इंच मिळतं. पाय खाली सोडून बसणाऱ्याला ते ठीक. मांडी घालणाऱ्याला कमी पडतं, त्याला सव्वीस-अठ्ठावीस बघा आणि पाठीशी एक जास्तीची उशी ठेवा. दुकानात चपला काढून, मांडी घालून बसून बघा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

फोमची डेन्सिटी विचारा. ३२ डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ३२ किलो. रोजच्या बसण्याला ३२ ते ४० चांगली, त्याखालचा फोम लवकर बसतो. आणि डेन्सिटी जास्त म्हणजे कडक असं नाही, मऊपणा वेगळा विचारायचा.

रिक्लायनर अनेकांना हवा असतो. ती कल्पनाही जुनी आहे, अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या मनरो गावी दोन चुलतभावांनी १९२८ मध्ये मागे झुकणारी लाकडी खुर्ची केली, त्यातून पुढे ला-झी-बॉय कंपनी उभी राहिली. घ्या, जरूर घ्या, पण मागे भिंत आणि पुढे पाय लांबवायला जागा आहे का ते मोजून. आणि तो एका माणसाचा असतो, घराचा नव्हे. रेक्झिनचं म्हणाल तर पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये ते पाठीला चिकटतं. सुती किंवा जाड विणीचं कापड घ्या, चेन लावलेली खोळ करा, म्हणजे काढून धुता येते. आणि त्यावर प्लास्टिकचं कव्हर घालू नका. पाहुण्यांसाठी जपलेला सोफा घरच्यांना कधी मिळतच नाही.

शेवटचं एक, चाचांनीच सांगितलेलं. सगळ्या तुकड्यांना कापड एकच घ्या, म्हणजे ते कसेही मांडले तरी विजोड दिसत नाहीत. आणि त्याच थानातलं दोन-तीन मीटर जास्तीचं घेऊन कपाटात ठेवा. पुढच्या वर्षी तोच रंग मिळेल याची खात्री दुकानदारही देत नाही.

नमस्कार.