गाण्याचे पैसे जातात कुठं?

(लातूरच्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, गायन पार्टीचा कार्यक्रम तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. कडवं रंगात येतं, पुढच्या रांगेतला एक जण उठतो, पन्नासाची नोट पेटीवर ठेवतो. गायक गाणं तिथंच थांबवतो आणि माइकवर सांगतो, ‘अमक्या गावच्या अमक्या दादांकडून पन्नास रुपये बक्षीस, पार्टी आभारी आहे.’ मग पुन्हा धृपद. काही रसिकांना यानं रसभंग होतो असं वाटतं. मला तर संगीताच्या व्यवहारात एवढा स्वच्छ हिशेब दुसरीकडं दिसलेला नाही. देणारा समोर, घेणारा समोर, रक्कम चारचौघांत जाहीर.

कॅसेट आली तेव्हा या दोघांच्या मधे कंपनी आली. गायकाला एकरकमी पैसे द्यायचे, कागदावर सही घ्यायची; पुढं कॅसेट शंभर खपो की लाख, त्याचा संबंध संपला. त्यानंतर आलं मेमरी कार्ड. बस स्टँडजवळच्या मोबाइल शॉपीत वीस-तीस रुपयांत कार्ड गच्च भरून मिळायचं. त्यातला एक पैसा गाणाऱ्याला गेला नाही. पण त्याच कार्डांवरून कितीतरी गायक वाडी-तांड्यापर्यंत पोचले आणि त्यांना सुपाऱ्या मिळाल्या, हेही खरं. म्हणून त्या दुकानदाराला सरसकट चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आज मात्र ती सबब उरलेली नाही, कारण गायक स्वतःच गाणं फुकट ऐकायला ठेवतोय.

आता ॲपचं बघा. तुम्ही महिन्याचे पैसे भरता आणि महिनाभर समजा फक्त परभणीकडचा गोंधळ ऐकता. तुम्हाला वाटतं, पैसे गोंधळ्याला गेले. तसं होत नाही. बहुतेक ॲपवर सगळ्यांचे पैसे एका ढिगात पडतात, कंपनी आपला वाटा काढते, आणि उरलेले देशभरातल्या एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटले जातात. म्हणजे तुमच्या पैशांतला मोठा हिस्सा तुम्ही कधी न ऐकलेल्या सिनेमाच्या गाण्याला जातो. त्यात स्पॉटिफायनं 2024 पासून नियम केलाय की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं किमान 1000 वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्या ध्वनिमुद्रणाचे पैसेच नाहीत. शिवाय ॲपवर डाऊनलोड केलेलं गाणं तुमचं नसतं. त्याच वर्षी विंक हे गाण्यांचं ॲप बंद झालं, तेव्हा अनेकांना हे कळलं. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी फाइल कायमची विकत मिळते, आणि तिथं डिजिटल विक्रीतले साधारण 15 टक्के कंपनी ठेवते. पण आपल्याकडचे गायक तिथं फारसे नाहीत, तेव्हा त्यावर जास्त बोलत नाही.

आपले लोक आहेत यूट्यूबवर. तिथं व्हिडिओवरच्या जाहिरातीतला 55 टक्के वाटा चॅनलवाल्याला मिळतो. पण त्यासाठी आधी 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहणं लागतं. म्हणजे लहान गायकाच्या चॅनलवरचं तुमचं एक बटण त्याला उंबरठा ओलांडायला कामी येतं, तेही फुकटात. अडचण एवढीच, की एकच गाणं पाच चॅनलवर असतं आणि त्यातली चार दुसऱ्यांची. ओळखायचं कसं? आपले गायक व्हिडिओवरच कार्यक्रमासाठी फोन नंबर टाकतात. सरळ फोन लावा, ‘दादा, तुमचं स्वतःचं चॅनल कोणतं?’ विचारा. गाणं आवडलंच असेल तर यूपीआयचा नंबरही मागा. कुणी रागावत नाही!

नवं गाणं शोधायचं कुठं? ॲप तुम्हाला तुमच्याच आवडीचं पुन्हा वाढतं. शेजाऱ्याची आवड कळायला जत्रेत जावं लागतं. 14 जानेवारीला, नामविस्तार दिनी, संभाजीनगरला विद्यापीठाच्या गेटवर जा. माळेगावची यात्रा करा, फेब्रुवारीत परभणीचा उरूस, नवरात्रात तुळजापूरला आराधी. आणि आकाशवाणी ऐका. परभणी, संभाजीनगर ही केंद्रं आता न्यूज ऑन एअर ॲपवर फुकट लागतात. तिथला निवेदक गायकासोबत कवीचं, साथीदारांचं नाव घेतो. ते वहीत लिहून ठेवा. माझा अनुभव असा, की चांगल्या ढोलकीवाल्याचा माग काढला की चार चांगले गायक आपोआप सापडतात.

लिहिणाऱ्यांसाठी एक. 2012च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क त्याच्याकडून काढून घेता येत नाही. वारस किंवा हक्कसंस्था सोडून तो कुणाला देऊन टाकताच येत नाही. पण वसुली आयपीआरएससारख्या संस्थेमार्फत होते आणि तिथं सभासद व्हावं लागतं. आपल्याकडं भीमगीतं, भारुडं लिहिणाऱ्या किती जणांनी तो फॉर्म भरलाय?

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली: गावच्या सप्त्यातलं कीर्तन रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं तर चालेल का? ताई, घरी ऐकायला रेकॉर्ड केलं तर हरकत नाही. लोकांसाठी टाकायचं तर सादर करणाऱ्याची परवानगी लागते, तो त्याचा कायद्यानं दिलेला हक्क आहे. बहुतेक महाराज हो म्हणतात. पण चॅनल कुणाचं आणि जाहिरातीचे पैसे टाळकरी-मृदंगवाल्यांना किती, हे त्याच दिवशी ठरवा, काल्याची पंगत उठायच्या आत. नंतर कुणी कुणाला भेटत नाही.